कुकडीचा कातळ

पुस्तकात वाचलेला भूभाग प्रत्यक्ष पायाखाली घालून, तो पाहून, मोजून आणि नोंदवून समजून घेण्याच्या अभ्यासपद्धतीला भूगोलात 'क्षेत्रभेट' म्हणतात, आणि राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात २०१८ पासून पहिलाच पाठ या विषयाचा आहे. जगात अशा क्षेत्रभेटींसाठी काही ठिकाणे वर्षानुवर्षे ठरून गेलेली आहेत. उत्तर आयर्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरील 'जायंट्स कॉजवे' हे त्यांतले एक ठळक ठिकाण असून, काळ्या दगडाच्या षट्कोनी खांबांची एकाला एक चिकटून उभी असलेली ती रचना पाहण्यासाठी शाळा-महाविद्यालयांचे गट तेथे सतत येत असतात. तो दगड बेसॉल्ट आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर आलेला लाव्हारस निवून तयार झालेला काळा, जड आणि बारीक कणांचा खडक. आणि नेमक्या याच जातीच्या खडकावर पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके उभे आहेत. जुन्नर तालुक्यातील येडगावच्या धरणाजवळ उभे राहून ज्या दिशेला पाहावे त्या दिशेचा प्रत्येक डोंगर या दगडाचा आहे, आणि धरणाच्या खाली वाहत जाणारी कुकडी नदी पुढे निघोजजवळ ज्या कातळात रांजण कोरते, तो कातळही याच दगडाचा आहे. एवढे असूनही या भागातील शाळांच्या सहली या कातळाकडे अभ्यासाचा विषय म्हणून फार थोड्या वेळा वळतात. ही उणीव भरून काढण्यासारखी आहे, कारण नाणेघाटापासून निघोजपर्यंतचा कुकडीचा काठ म्हणजे खडकाच्या जन्मापासून त्याच्या झिजेपर्यंतची सगळी हकीकत दोन दिवसांच्या वाटेवर मांडून ठेवणारा पट्टा आहे.

कॉजवेचा दाखला थोडा विस्ताराने घेणे उपयोगाचे आहे, कारण तेथे जे शिकवले जाते त्याचा पहिला धडा येडगावच्या जलाशयाच्या काठीही शिकवता येतो. तेथे सुमारे ४०,००० खांब आहेत, ते पाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडले, आणि १९८६ मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. स्थानिक आख्यायिका सांगते की, फिन मॅककूल नावाच्या राक्षसी देहाच्या वीराने समुद्र ओलांडून स्कॉटलंडला जाण्यासाठी ही फरसबंदी घातली. आपल्याकडे एखादे लेणे किंवा मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले असे जसे सांगतात, त्याच जातीचे ते स्पष्टीकरण आहे. विज्ञानाचे स्पष्टीकरण असे की, जाड थरात साचलेला लाव्हा निवताना आकसतो, आकसताना त्याला ताण बसतो, तो ताण सोडवण्यासाठी पृष्ठभागावर भेगा पडतात आणि थर जसजसा आत निवत जातो तसतशा त्या भेगा खोल उतरत जाऊन खांब वेगळे होतात. उन्हाळ्यात कालव्याची आवर्तने सुटून येडगावचे पाणी मागे हटले की काठावर उघड्या पडलेल्या गाळाला याच रीतीने भेगा पडतात. गाळ वाळताना पाणी जाते म्हणून आकसतो आणि लाव्हा निवताना उष्णता जाते म्हणून आकसतो, एवढाच काय तो फरक. एरवी पाच-सहा बाजूंचे, पापुद्र्यासारखे कडा उचललेले ते गाळाचे तुकडे पट्टीने मोजले, त्यांच्या बाजू मोजून वहीत मांडल्या, तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर काय घडले असेल याचा अंदाज नववीतल्या मुलालाही करता येतो. दख्खनमध्ये असे खांब पाहायचे असतील तर मुंबईत अंधेरीला असलेली गिल्बर्ट टेकडी हे उत्तम उदाहरण आहे. जुन्नरच्या बाजूला मात्र लाव्हा बहुतेक ठिकाणी एकावर एक पसरलेल्या पातळ जिभांच्या रूपाने साचला असल्यामुळे सुबक खांब क्वचितच आढळतात, आणि खडकाची गंमत वेगळ्या गोष्टींत शोधावी लागते.

हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. शंकूच्या आकाराच्या एखाद्या ज्वालामुखीतून तो उसळला नाही, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि पाण्यासारखा सखल भाग भरत पसरला. म्हणून त्याचे थर चटईसारखे आडवे आहेत. आज त्याने व्यापलेले क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी सर्वांत जास्त आहे. तेव्हा भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर जो ज्वालामुखी अधूनमधून जागा होतो, त्याच्या मुळाशी असलेल्या उष्ण स्रोतावरून आपला भूखंड त्या काळी जात होता आणि त्यातूनच दख्खनचा लाव्हा आला, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. याचा अर्थ, येडगावच्या शिवारात बांधावर रचलेला काळा धोंडा जेथे जन्मला ती जागा आजच्या येडगावपासून हजारो किलोमीटर दूर, समुद्रात आहे.

या खडकाला इंग्रजी ग्रंथांत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि त्यातील 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून आला आहे, कारण असा प्रदेश लांबून पाहिला की डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२० च्या दशकात पुणे आणि नगरच्या मुलखात फिरला, तेव्हा त्याने या आडव्या थरांची नोंद घेऊन दख्खनच्या भूशास्त्रावर जो निबंध लिहिला, तो या विषयावरील आरंभीच्या लेखनात मोडतो. पायऱ्या का पडतात याचे उत्तर विहीर खणणारे लोक भूशास्त्रज्ञांच्या आधीपासून जाणतात. खणताना वरची माती आणि मुरूम संपला की कधी सुरुंगालाही दाद न देणारा एकसंध काळा पाषाण लागतो, तर कधी भोकाभोकांचा, टिकावाने फुटणारा 'मांजऱ्या' खडक लागतो. प्रत्येक लाव्हाथराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि तो भाग सच्छिद्र, म्हणजे मांजऱ्या होतो. बुडबुडे नसलेला भाग घट्ट पाषाण होतो. आणि दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर जुन्या थराचा माथा कुजून, नंतर वरून आलेल्या लाव्ह्याने भाजून, विटेसारखा लाल पट्टा तयार होतो. पावसापाण्याने मांजऱ्या लवकर झिजतो आणि पाषाण टिकून राहतो, म्हणून पाषाणाच्या जागी उभा कडा आणि मांजऱ्याच्या जागी उताराची, झाडोरा धरणारी पट्टी अशी आलटूनपालटून रचना होऊन डोंगराला पायऱ्या पडतात. शिवनेरीच्या कड्यांकडे जुन्नर शहरातून पाहिले तरी हे दिसते.

मांजऱ्याचा मुठीएवढा तुकडा भिंगाखाली धरून पाहणे हा कोणत्याही क्षेत्रभेटीतला पहिला उद्योग असावा. काळपट-तपकिरी दगडात ज्वारीच्या दाण्यापासून बोरापर्यंतच्या आकाराची भोके असतात, आणि त्यांतली बरीचशी पांढऱ्या, हिरवट किंवा गुलाबीसर खनिजांनी भरलेली असतात. लाव्हा निवल्यानंतर कितीतरी काळ त्या खडकातून गरम पाणी झिरपत राहिले आणि त्यातले क्षार या पोकळ्यांत स्फटिकरूपाने बसले. त्यांतली गारगोटी चाकूने ओरखडत नाही. कॅल्साइट सहज ओरखडते आणि त्यावर विरल आम्लाचा थेंब टाकला तर फसफसते. आणि मोत्यासारख्या चमकेच्या पत्र्यांचे किंवा पंख्यासारख्या सुयांचे जे पांढरे खनिज दिसते ते बहुधा झिओलाइट असते. या नावाचा अर्थ 'उकळणारा दगड' असा असून, १७५६ मध्ये क्रोनस्टेड या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने ते दिले, कारण तापवल्यावर त्या खनिजातील पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि दगडच उकळतो आहे असे वाटते. पुणे जिल्ह्यातील आणि महाराष्ट्रातील खाणींमधले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, आणि येथील मुले तो दगड खडीच्या ढिगातून पायाने उडवत शाळेत जातात.

परदेशी खडक पाहायला जाण्याच्या ओढीत एक गोष्ट विसरली जाते, ती अशी की परदेशातील अभ्यासकांच्या दृष्टीने जुन्नर-आंबेगाव हाच परदेश आहे आणि ते येथे येऊन गेले आहेत. १९८० च्या दशकात मुंबईच्या आयआयटीतील के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतील पीटर हूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या घाटाघाटांतून नमुने गोळा करून लाव्ह्याच्या थरांचा क्रम लावला, आणि भूशास्त्राच्या रीतीप्रमाणे त्या थरांना ते जेथे चांगले दिसतात तेथील गावांची नावे दिली. त्या क्रमात भीमाशंकर हे एका संपूर्ण शैलसमूहाचे नाव आहे, तर मंचर आणि गिरवली ही मोठमोठे स्फटिक असलेल्या दोन विशिष्ट थरांची नावे आहेत. या थरांतील फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे पांढरट स्फटिक बोटाच्या पेराएवढे लांब असतात आणि काळ्या दगडात विखुरलेल्या खोबऱ्याच्या कपच्यांसारखे दिसतात. लाव्हा वर येण्यापूर्वी जमिनीखालच्या कोठारात बराच काळ थांबून राहिला आणि तेवढ्या अवधीत ते वाढले, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. मंचरच्या बाजाराला आणि एसटी स्थानकाला सगळे ओळखतात, पण ऑक्सफर्ड किंवा वॉशिंग्टनच्या विद्यापीठात दख्खनचा लाव्हा शिकणारा विद्यार्थी मंचर हे नाव एका खडकाचे म्हणून शिकतो, ही बाब आंबेगावच्या प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

क्षेत्रभेटीची सुरुवात नाणेघाटापासून करणे सोयीचे, कारण तेथे पठार एकदम तुटते आणि लाव्ह्याच्या थरांचा उभा छेद डोळ्यांसमोर येतो. शेजारी जीवधन किल्ल्याच्या टोकाला वानरलिंगी नावाचा सुळका मूळ डोंगरापासून सुटून एकटा उभा आहे. उभ्या भेगांमधून पाणी शिरून कडा कसा मागे मागे सरत जातो आणि वाटेत एखादा खांब कसा मागे राहतो, हे तो दाखवतो. घाटातील गुहेत सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे, त्यात संख्या दाखवणारी चिन्हे आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्यांना फार वरचे स्थान आहे. कल्याणच्या बंदराकडून देशावर येणारा व्यापार या वाटेने चढत असे. जुन्नरच्या भोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत, आणि लेण्याद्रीला दक्षिणाभिमुख कड्यात सुमारे ३० लेण्यांची आडवी रांग पाहिली की, थर कोठे घट्ट आहे आणि कोठे कोरण्याजोगा आहे याची पारख त्या काळच्या पाथरवटांना पक्की होती हे कळते. या भागाचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नमूद करायचे की दगडाचा पहिला चिकित्सक अभ्यास येथे छिन्नीने झाला.

पूर गावच्या कुकडेश्वर मंदिराजवळ उगम पावणारी कुकडी माणिकडोहच्या धरणातून आणि जुन्नर शहराजवळून येडगावला येते. १९७७ मध्ये बांधून झालेले येडगावचे धरण कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक असून, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या इतर चार धरणांचे पाणी येथे आणून कुकडी डाव्या कालव्यात सोडता येते, म्हणून साठ्याच्या मानाने त्याचे महत्त्व मोठे आहे. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतचा शेतकरी आवर्तनाच्या तारखेसाठी येडगावकडे डोळे लावून बसतो. अष्टविनायकांपैकी ओझरचा विघ्नहर याच जलाशयाच्या काठी आहे.

येडगावच्या खाली नदीकाठाच्या बोरी गावाजवळ एक वेगळेच प्रकरण समोर येते, आणि तेथे पाहायचे ते खडक नसून राख आहे. नदीकाठच्या गाळाच्या उंच दरडीत, पिवळट मातीच्या थरांच्या मध्ये, पांढुरक्या, पिठासारख्या बारीक राखेचा पट्टा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख म्हणजे फुटलेल्या काचेच्या बारीक, वक्र कपच्या असल्याचे दिसते, कारण ती ज्वालामुखीतून उडालेल्या फेसाळ काचेचा चुरा आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला होता, त्यामुळे नदीच्या ताज्या गाळात सापडलेली ही राख येथील असूच शकत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शरद राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा आदी संशोधकांनी १९८० च्या दशकापासून तिचा अभ्यास केला, आणि काचेच्या रासायनिक घडणीवरून ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे हे स्पष्ट झाले. टोबा येथून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्याच्या उद्रेकाने खचलेल्या जागी आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी तेथे झालेला उद्रेक माणसाच्या अस्तित्वाच्या काळातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक मानतात. बोरीची राख त्याच उद्रेकाची की टोबाच्याच त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, याविषयी मतभेद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत, कारण राखेच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत आणि राखेचे वय ठरले की हत्यारांच्या वयाला आधार मिळतो. एकाच राखेला एका प्रयोगशाळेने लाखो वर्षे दिली आणि दुसरीने पाऊण लाखाच्या आसपास दिली, ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवण्याची गरज नाही. उलट विज्ञानात मत कसे बांधले जाते आणि कसे तपासले जाते हे शिकवण्यासाठी जुन्नर तालुक्यात याहून चांगली जागा नाही. ही दरड मातीची आहे, ओली झाली की ढासळते, आणि तीत कोणी कुदळ घातली तर जे नष्ट होईल ते परत मिळणार नाही, म्हणून तेथे पाहायचे ते हात न लावता पाहायचे.

कल्याण-नगर रस्त्यावर बेल्ह्याच्या पुढे, अणे घाटाच्या परिसरातील गुळुंचवाडीला निसर्गाने घडवलेला दगडी पूल आहे. ओढ्याने कातळाला आरपार वाट पाडली असून वरचा खडक कमानीसारखा दोन्ही बाजूंना धरून राहिला आहे. प्रवाहाचे पाणी एखाद्या भेगेतून खालच्या कच्च्या भागात शिरते, पुढे बाहेर पडते, आणि वर्षानुवर्षे तो बोगदा रुंद होत जाऊन मूळ पात्र वर तसेच पुलासारखे राहते, अशी अशा कमानींची सर्वसाधारण घडण असते. अमेरिकेतील कमानी सर्वांना चित्रांतून परिचित आहेत, पण त्या बहुतेक वालुकाश्मातल्या आहेत. बेसॉल्टमधला असा पूल ही दुर्मीळ गोष्ट आहे.

निघोजला आले की मात्र वेळ राखून ठेवावा लागतो. पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज यांच्या मध्ये, मळगंगा देवीच्या कुंडाच्या ठिकाणी, कुकडीचे पसरट पात्र अचानक उघड्या कातळात शिरते आणि त्या कातळाला शेकडो खड्डे, कुंडे आणि अरुंद घळी पडलेल्या दिसतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात, आणि जगातील कोणत्याही भाषेने या भूरूपाला याहून नेमके नाव दिले असेल असे वाटत नाही, कारण तोंडाशी गोल, पोटात फुगीर आणि बुडाशी पुन्हा गोलसर अशी ही घडण हुबेहूब पाण्याच्या रांजणासारखी असते.

उन्हाळ्यात कोरडा पडलेला मध्यम आकाराचा एखादा रांजण नीट पाहिला तर त्याची सारी घडण उलगडते. काठाचा दगड इतका गुळगुळीत असतो की तळहात फिरवला तर घरच्या वरवंट्याची आठवण यावी. आतल्या बाजूला मळसूत्रासारख्या तिरक्या खोबणी खाली उतरत गेलेल्या असतात. एका बाजूची भिंत पोखरून शेजारच्या रांजणाला खिडकी पडलेली असते. आणि तळाशी वाळूत बसलेले, लिंबापासून नारळापर्यंतच्या आकाराचे पाच-दहा गोटे असतात. हे गोटे म्हणजे या कारागिरीचे हत्यार आहे. पुराच्या वेळी वेगाने धावणारे पाणी कातळातल्या एखाद्या खळग्यावर, सांध्यावर किंवा गळून पडलेल्या स्फटिकाच्या भोकावर भोवरा धरते. भोवऱ्यात सापडलेली वाळू आणि दगड गरगर फिरत राहतात. जात्यात धान्य भरडावे तसा तळ आणि भिंत भरडली जाते. हत्यार झिजून संपले की पुढच्या पुरात नवे गोटे येऊन पडतात. शेजारशेजारचे दोन रांजण वाढत वाढत एकमेकांत फुटले की त्यांची घळ होते, घळींची मिळून अरुंद दरी होते, आणि नदी आपले पात्र कातळात खोल नेते. नुसते वाहते पाणी बेसॉल्टला फारसे काही करू शकत नाही. कोरते ते पाण्याने फिरवलेले दगड.

एवढ्या प्रमाणात रांजण याच जागी का पडावेत, याला पात्राचा उतार, कातळाचा एकसंधपणा आणि पावसाळी नदीचा स्वभाव अशी तिन्ही कारणे आहेत. दख्खनच्या नद्या वर्षातले आठ महिने जवळजवळ निपचित असतात आणि त्यांचे खरे काम मोसमी पुराच्या थोड्या दिवसांत उरकते. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहरात १८७२ मध्ये तळघर खणताना असेच प्रचंड खळगे सापडले, त्यांतला सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आहे. तेथे ते हिमनदीखालून जोराने वाहणाऱ्या पाण्याने कोरले आणि बर्फ वितळून हजारो वर्षे झाल्यामुळे ते काम आता कायमचे थांबले आहे. त्या खळग्यांवर छत घातले आहे, शेजारी संग्रहालय आहे आणि शाळांचे वर्ग तेथे येऊन त्यांची माहिती घेतात. निघोजचे रांजण अजून पुराच्या पाण्याखाली जातात, म्हणजे कारखाना चालू आहे, आणि म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे मोल अधिक आहे.

मळगंगेच्या भक्तांसाठी ही जागा आधी देवीची आहे, आणि तिच्या पावित्र्यामुळेच कातळ फोडून खडी करण्याच्या काळातही तो अभंग राहिला, असे मानायला जागा आहे. शाळेच्या गटाने या श्रद्धेचा मान राखून वावरावे हे उघड आहे. तितक्याच आग्रहाने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे येथील पाण्याचा धोका: रांजणांची तोंडे लहान आणि पोटे खोल, काठ शेवाळाने निसरडे, आणि आत पडलेल्या माणसाला धरायला खाच नाही, अशी ही रचना असल्यामुळे पाणी असताना काठाशी जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. धरणातून पाणी सुटले की पात्र थोड्या अवधीत वाढते, म्हणून भेटीपूर्वी आवर्तनाची चौकशी करणे शिक्षकांचे पहिले काम आहे. मार्च ते मे या काळात, पात्रात विसर्ग नसताना, सकाळी लवकर जाणे सर्वांत सुरक्षित. दुपारी काळा कातळ एवढा तापतो की त्यावर बसवत नाही.

अशा भेटीला खर्च फार लागत नाही. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देते. सामान म्हणाल तर मोजपट्टी, गाठी मारलेली दोरी, होकायंत्र, भिंग, विरल आम्लाची शिक्षकांच्याच हाती राहणारी छोटी बाटली आणि प्रत्येकाची वही. आज बहुतेक सहलींत मुले बसमधून उतरतात, देवदर्शन करतात, खाऊ खातात, छायाचित्रे काढतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. त्यात आनंद आहे आणि तो हवाच, पण तीन तास एका कातळावर थांबून एकच गोष्ट मोजत बसण्याचा आनंद निराळा असतो आणि तो बहुतेक मुलांना एकदाही मिळत नाही. २०१८ मध्ये शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. त्या पर्यटनात किल्ले, लेणी आणि अष्टविनायक यांच्या बरोबरीने बोरीची दरड, गुळुंचवाडीचा पूल आणि कुकडीचे पात्र यांना समजावून सांगणारे साधे मराठी फलक लागले, तर शाळांचे निम्मे काम सोपे होईल.

निघोजच्या कातळावर विद्यार्थ्यांनी नेमके काय मोजावे, याला एक खरेखुरे उत्तर आहे आणि ते थेट येडगावशी जोडलेले आहे. धरणाच्या जलाशयात नदीचे पाणी थांबते, आणि पाणी थांबले की त्याने आणलेले गोटे आणि जाड वाळू तेथेच खाली बसते. सांडव्यावरून पुढे जाते ते बहुतांशी गढूळ पण हत्यार नसलेले पाणी. माणिकडोह आणि येडगाव या दोन भिंतींनी वरच्या खोऱ्यातला दगडगोटा अनेक दशके अडवून धरला आहे. धरणाच्या खाली मिळणारे ओढे आणि काठांची झीज नदीला नवे गोटे पुरवीत असतीलच, परंतु ते रांजणांची भरड चालू ठेवायला पुरेसे आहेत का, हे नुसत्या तर्काने ठरणारे नाही. रांजणाची खोली वर्षभरात मोजण्याइतकी वाढत नाही, पण त्याच्या तळाचे गोटे मोजता येतात. एकाच शाळेने दहा-बारा रांजणांना क्रमांक देऊन, नकाशावर खूण करून, दर उन्हाळ्यात प्रत्येकातले गोटे किती, केवढे, कोणत्या जातीच्या दगडाचे आणि धारदार की गोलटलेले, एवढे नोंदवून ते पुन्हा जसेच्या तसे तळाशी ठेवले, तर वही भरत जाईल. एखाद्या वर्षी येडगावचे दरवाजे उघडून मोठा विसर्ग झालेला असेल, तर त्यानंतरच्या उन्हाळ्यातील पान आधीच्या पानाशेजारी ठेवून पाहता येईल. गोलटलेला, चकाकणारा गोटा आठवण म्हणून दप्तरात टाकण्याची इच्छा प्रत्येक मुलाला होतेच. तो परत रांजणात सोडताना दगडावर दगड पडल्याचा घुमणारा आवाज खालून येतो, आणि तो कोणत्या क्रमांकाच्या रांजणातला होता ते वहीत लिहायचे राहू नये.